सात नंबरचं कार्ड

आई, मंगळवारी अंबरनाथच्या एका कारखान्यात तुझा नंबर दिसला. कापडाचे रंग बनवणारा लहान कारखाना आहे, एमआयडीसीच्या मागच्या रस्त्यावर. तिथे रंगाची पूड मोजून मिसळणारं एक जुनं यंत्र आहे आणि त्याला कोणता रंग किती घ्यायचा हे सांगणारा त्याहून जुना कॉम्प्युटर. हल्ली मी हीच कामं करते. ज्यांचं यंत्र अजून धडधाकट आहे पण त्याच्याशी बोलणारा कॉम्प्युटर म्हातारा झालाय, ते मला फोन करतात. मालक म्हणाले, मॅडम, नवीन काही सुचवू नका, हाच चालू करून द्या. आठ दिवसांपासून यंत्राकडे अर्धीच माहिती पोचत होती, रंग चुकत होते. मी मागचे चार स्क्रू काढले, पत्रा सरकवला, ब्रशने धूळ झाडली. आत सीरियल आणि पॅरलल पोर्टचं, म्हणजे बाहेरचं यंत्र आणि प्रिंटर जोडायचं कार्ड होतं, आणि त्याच्या कोपऱ्यात एक पिवळा गोल स्टिकर. त्यावर काळा सात. शाईची धार थोडी विरली होती, बाकी तसाच. मी त्याच्याकडे किती वेळ बघत होते माहीत नाही. मालकांनी विचारलं, काही जळलंय का. मी म्हटलं, नाही. खरं सांगायचं तर मला काही वाटलं नाही. छातीत काही हललं वगैरे नाही. हात धुळीने काळे झाले होते, ते पुसायला फडकं शोधत होते.

मग मी रीतसर तपासणी केली. यंत्राची केबल काढून पोर्टला प्लग लावला, तोच, तू टाके मारून, म्हणजे तारा सोल्डर करून दिलेला. आता हे काय असतं ते कुणाला माहीत नसतं, म्हणून मालकांना समजावून सांगितलं. पोर्टमध्ये एक तार बोलायची असते, एक ऐकायची. या प्लगमध्ये त्या दोन्ही एकमेकींना जोडलेल्या आहेत. म्हणजे कॉम्प्युटर जे बोलेल तेच त्याला परत ऐकू येईल. पाठवलं तेच जसंच्या तसं आलं तर पोर्ट चांगला, एखादं अक्षर जरी हरवलं तरी पोर्ट वाईट. मला तू हे सांगितलंस तेव्हा मी बारा वर्षांची होते. मालकांना सांगताना मी तुझीच वाक्यं वापरली, फक्त तुझी बोली गाळून.

दिवाळीची सुट्टी होती, घरी कुणी नव्हतं म्हणून तू मला तुझ्या कंपनीत घेऊन गेली होतीस, जिथे ही कार्डं बनायची. बदलापूर गावातून आपण नाक्यापर्यंत चालत आलो, तिथे कंपनीचा टेम्पो यायचा, त्यात पंधरा-सोळा बायका. लांबलचक खोली, ट्यूबलाइट, टाके मारतानाचा तो राळेचा वास. एका भिंतीला कार्डं तपासणाऱ्या तुम्हा चौघींची टेबलं. तुझ्या टेबलावर झाकण नसलेले दोन कॉम्प्युटर. तू कार्ड खाचेत बसवतेस, दोन्ही अंगठ्यांनी दाबतेस, मागे प्लग लावतेस, बटण दाबतेस. पडद्यावर हिरव्या अक्षरांत एकेक ओळ येते आणि ओळीच्या शेवटी पास. तुला इंग्रजी येत नव्हतं, पण पडद्यावरचे सगळे शब्द ओळखायचीस. पास, फेल, टेस्ट, एरर. ते शब्द तू वाचत नव्हतीस, तोंडओळख असल्यासारखी त्यांच्याकडे बघायचीस. पास झालेल्या कार्डावर तपासणारीने आपल्या नंबरचा स्टिकर लावायचा, तुझा सात. मी पास बघितलं आणि लगेच स्टिकरच्या गुंडाळीला हात घातला. तू माझ्या हातावर फटका मारलास. चारचौघींत. “आजून गरम नाय झालाय,” म्हणालीस. “थंड आसताना सगलीच चालतात.” आणि एक रिकामा पुठ्ठ्याचा खोका उलटा करून तू त्या उघड्या कॉम्प्युटरवर झाकलास, चूल झाकावी तसा. अर्धा तास. तोवर शेजारच्या कॉम्प्युटरवर दुसरं कार्ड. अर्ध्या तासाने खोका काढून परत तीच परीक्षा. त्या दिवशी गरम झाल्यावर दोन कार्डं फेल गेली. मला फटक्याचा राग आला होता, मी डबा खाल्ला नाही. तू समजूत घातली नाहीस. माझ्या डब्यातली भाजी स्वतःच्या पोळीवर घेतलीस आणि खाल्लीस.

मंगळवारी मीही अर्धा तास थांबले. खोका मागितला तेव्हा कारखान्यातली माणसं हसली, पण आणून दिला. थंड असताना पास होतं, गरम झाल्यावरही पास झालं. पॅरलल पोर्टही बघितला, तिथे प्रिंटर कधीच लावलेला नव्हता, तोही चांगला. बिघाड केबलमध्ये निघाला, यंत्राच्या पायाशी जिथे ती रोज मुरगळली जात होती तिथली एक तार आतून तुटली होती. मी ती बदलून दिली, यंत्राने पूर्ण माहिती घेतली, मालक खूश झाले. कार्डाला मी हात लावला नाही. स्टिकर तू लावला होतास की तुमच्या सुपरवायझरने, हे मला कळायला मार्ग नव्हता.

त्या फटक्यानंतर चार वर्षांनी सुपरवायझरने तुझे स्टिकर लावले, ते वर्ष मला नीट आठवतं. बाबांची नोकरी सुटून वर्ष झालं होतं आणि ते ओट्यावर बसून दिवसभर रस्त्याकडे बघायचे. मी दहावी झाले होते आणि डिप्लोमाला नंबर लागेल असे मार्क होते. कंपनीला मोठी ऑर्डर आली होती. दोनदा तपासत असल्याने तुझी कार्डं बाकीच्या तिघींपेक्षा कमी व्हायची आणि सुपरवायझर त्यावरून रोज बोलायचा. शेवटी त्याने तुझी स्टिकरची गुंडाळी उचलून नेली. नीट न तपासलेल्या कार्डांवर तिच्यातले साताचे स्टिकर लावले आणि माल रवाना केला. तू घरी येऊन हे सांगितलंस तेव्हा चिंबोऱ्या साफ करत होतीस, मोरीपाशी पाटावर बसून, नांग्या मोडत. “माझा नंबर हाय तो,” एवढंच म्हणालीस. मी अभ्यासाचं काही वाचत नव्हते, नुसती बसले होते.  महिनाभराने त्यातली बरीच कार्डं परत आली. अर्धा तास चालली की दुसरा पोर्ट मुका व्हायचा. सगळ्यांवर सात.

मॅनेजरने तुला बोलावून सांगितलं की इंग्रजीत लेखी माफी दे, गिऱ्हाइकाला दाखवायला लागेल, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. स्टिकर कुणी लावले ते अख्ख्या खोलीला माहीत होतं. तू घरी आलीस, हातपाय धुतलेस, मला कागद घ्यायला सांगितलंस. स्वयंपाकघरात, फळीखाली, तू पिठाच्या डब्यावर बसली होतीस. तू सांगायला लागलीस आणि मी लिहायला. तू सांगत होतीस की ही कार्डं मी तपासलेली नाहीत, स्टिकर मी लावलेले नाहीत, पण नंबर माझा आहे म्हणून मला वाईट वाटतं. आणि यापुढे माझी गुंडाळी माझ्याकडेच राहिली पाहिजे, ती कुणी घ्यायची नाही. मी मान हलवत होते. मला कळत होतं की असं पत्र दिलंस तर तुला काढतील. तुला काढलं तर माझा डिप्लोमा गेला. मी सोळा वर्षांची होते, वर्गात इंग्रजीत पहिली यायचे, आणि त्या दिवशी माझा हात अजिबात थांबला नाही. मी लिहिलं की ही सर्व कार्डं मी तपासणी न करता पास केली. ही माझी चूक आहे. मी क्षमा मागते, पुन्हा असं होणार नाही.

तू विचारलंस, वाचून दाखव. मी कागदाकडे बघत तुझंच तुला मराठीत म्हणून दाखवलं. गुंडाळीसकट सगळं. तू कागद हातात घेतलास आणि ओळींखालून बोट फिरवलंस, दळण बघायचीस तसं. एका ठिकाणी बोट थांबलं. “ह्यो पास काय?” मी म्हटलं, पास केलेली कार्डं, त्यांच्याबद्दल लिहिलंय. तू बरं म्हणालीस आणि खाली मराठीत सही केलीस, पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट, बरोबर ओळीवर.

दुसऱ्या दिवशी तू नेहमीच्या वेळेला आलीस. मी दारात उभी होते. काय झालं म्हणून विचारलं तर चपला काढत म्हणालीस, सोमवारपासून पॅकिंगला टाकलंय. मग भात लावलास. मला इतकं हलकं वाटलं की मी न सांगता नळावरून दोन हंडे पाणी आणलं. पुढे सहा वर्षं, ती कंपनी बंद होईपर्यंत, तू पॅकिंगला होतीस. दुसऱ्यांनी तपासलेली कार्डं पिशवीत घालायची, पिशवी खोक्यात, खोक्याला चिकटपट्टी. माझा डिप्लोमा त्यातच झाला. पहिल्या वर्षाला असताना तू मला ते दोन प्लग दिलेस, एक सीरियलचा, एक पॅरललचा. त्यांचे जोड, म्हणजे कनेक्टर, तू उल्हासनगरच्या बाजारातून विकत आणले होतेस, कंपनीतले उचलले नव्हतेस, हे दोनदा सांगितलंस. टाके मारायची इस्त्री तपासणीच्या टेबलावरच्या जुन्या मैत्रिणीकडून मागून घेतलीस आणि जेवणाच्या सुट्टीत टाके मारलेस. पॅरललच्या प्लगमध्ये पाच तारा आहेत, पाचही वेगळ्या रंगाच्या. कॉलेजात कुणाकडे तसे नव्हते.

ती मैत्रीण, तुझ्या शेजारच्या टेबलावरची, मला मावशी म्हणायला लावायची. विठ्ठलवाडीला डेपोच्या मागच्या चाळीत राहते, अजून तिथेच. तू गेलीस तेव्हा तेराव्याला आली होती, त्यानंतर आमचं जाणं-येणं राहिलं नाही. एकोणीस वर्षांत मी तिला दोनदा भेटले असेन. मंगळवारी कारखान्यातून निघाले आणि स्कूटर बदलापूरकडे वळवायची तर उलटी वळवली. का ते माहीत नाही. बदलापुरात हेंद्रेपाड्याला घरी जाऊन तरी काय करणार होते. मावशीने ओळखलं, पण आधी तुझं नाव घेतलं, मग माझं. गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय तिचं. पलंगावर बसून मेथी निवडत होती. मी तिला सात नंबरचं सांगितलं. ती म्हणाली, बघ, अजून चालू है ना, मग तो तिनंच लावलेला असणार. मी म्हटलं, तसं काही सांगता येत नाही मावशी. ती म्हणाली, तुझं असंच, आईसारखं. मग मेथी निवडता निवडता आपणहून त्या माफीच्या पत्राच्या दिवसाबद्दल बोलायला लागली.

ती म्हणाली की मॅनेजरला ते पत्र नुसतं फाइलला लावायचं नव्हतं, सगळ्या बायकांना ऐकवायचं होतं. म्हणून सकाळी काम सुरू व्हायच्या आधी त्याने क्लार्कला खोलीत पाठवलं. क्लार्क सिंधी, भला माणूस, त्यालाच लाज वाटत होती. त्याने पत्र हिंदीत सांगितलं. मैंने बिना टेस्ट किए सब कार्ड पास किए, ये मेरी गलती है. तू तुझ्या टेबलापाशी उभी होतीस, एक हात उलट्या खोक्यावर. मावशी म्हणाली, सुपरवायझर खाली बघायला लागला आणि आम्ही सगळ्या तुझ्या आईकडे. तिला हिंदी काय समजत नव्हतं का, चांगलं समजत होतं. मावशी उठली, म्हणाली साहेब, हे खोटं आहे, हिनं असं लिहिलेलं नाही. तेव्हा तू तिचा पदर धरून तिला खाली बसवलंस. क्लार्कने तुला विचारलं, बाई, बदलायचंय का, बदलायचं असेल तर आत्ता बदलून देतो, साहेबांना मी सांगतो.

तू म्हणालीस, “माझ्या पोरीनं लिवलंय. ऱ्हाऊं दे तसाच.”

मावशीने हे तुझ्या आवाजात म्हणून दाखवलं. ती तुझी नक्कल चांगली करते, तुला माहीत असेल. मग म्हणाली की तू त्या दिवशी टेबलावरचं सामान आवरलंस, खोका फाडला नाहीस, घडी करून ठेवलास, आणि दुपारी तिच्याबरोबर नेहमीसारखी जेवलीस. काही बोलली का, मी विचारलं. मावशी म्हणाली, नाही, चवळीची भाजी होती, मीठ जास्त झालंय म्हणाली.

म्हणजे तू घरी आलीस, चपला काढल्यास, भात लावलास तेव्हा तुला माहीत होतं. मी पाण्याचे हंडे आणले तेव्हाही. प्लग दिलेस तेव्हाही. मी तेव्हापासून बसून मागचे दिवस एकेक काढून बघतेय, की तू कधी काही बोललीस का, कुठे टोमणा, कुठे डोळे. सापडत नाही. एकच गोष्ट सापडली. त्या पत्राच्या आधी, कुठलाही इंग्रजी कागद आला की तू विचारायचीस, यात काय लिवलंय. शाळेचा असो, बँकेचा असो, विजेचं बिल असो. मला त्याचा कंटाळा यायचा. नंतर कधी विचारलं नाहीस. तू कागद माझ्यासमोर ठेवायचीस आणि म्हणायचीस, सही कुठं. शेवटच्या आजारात हॉस्पिटलने ऑपरेशनचा फॉर्म दिला, चार पानी. डॉक्टर म्हणाले, पेशंटला समजावून सांगा. मी सांगायला लागले तर तू हात वर केलास. सलाइन लावलेला हात, जेमतेम उचलला. “सही कुठं?” मी बोट ठेवलं, तू सही केलीस. मी सगळ्यांना सांगत आलेय, आईचा माझ्यावर डोळे मिटून विश्वास होता. नातेवाइकांना सांगितलंय, मुलाला सांगितलंय. तेराव्याला चार माणसांत हेच सांगितलं होतं, आणि मावशी तिथे बसली होती.

आता तो विश्वास होता की दुसरं काही, हे मला माहीत नाही. आणि खरं सांगते, त्याने रडू येत नाही. मंगळवारनंतर मी दोन ठिकाणी काम करून आले. उल्हासनगरला एका छापखान्यात, इथे बदलापुरात एका दवाखान्यात. जेवते, झोपते. मुलगा विचारतो, आई गप्प का. मी म्हणते, काही नाही. तुझंही उत्तर हेच असायचं. काहीतरी वाटायला पाहिजे म्हणून हे लिहायला बसले, दुपारी, कामाच्या रिपोर्टच्या कोऱ्या फॉर्मांच्या मागच्या बाजूला, कारण घरात दुसरा कागद नव्हता. चार फॉर्म भरले. हे कुणाला द्यायचं नाही. मुलाला दिलं तर तो वाचेल आणि माझ्याशी जपून वागेल, ते मला नको. मावशीला दिलं तर ती चष्मा लावून वाचेल आणि मग तिला कळेल. तिला कळू नये अशी एक गोष्ट यात आहे, म्हणून हे इथेच राहील.

मावशीने सगळं सांगून झाल्यावर मेथीच्या काड्या पेपरात गुंडाळल्या आणि म्हणाली, तुला काय नवीन सांगतेय म्हणा, तुला तर आईनं कधीच सांगितलं असेल, एवढ्या वर्षांत तुम्ही दोघी बोलला असालच. आई, मी म्हटलं, हो, बोललो होतो.